मुठीचा डबा आणि बारा घरांची वही

महिन्याच्या पहिल्या रविवारी दानार्पणाचं गीत सुरू झालं की आमच्या चर्चमध्ये डब्यांची झाकणं वाजायला लागतात. अठ्ठावीस घरांची आमची मंडळी, त्यातली वीस-बावीस घरं तरी डबा घेऊन येतात. रोज स्वयंपाकाला धान्य घेताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची, महिनाभर साठवायची आणि पहिल्या रविवारी वेदीपुढच्या पिंपात ओतायची. कुणाचा तांदूळ कोलम असतो, कुणाचा रेशनचा. पिंपात गेल्यावर सगळा एकच. ओतताना लहान मुलं वाकून बघतात, आणि धान्याचा तो सरसर आवाज मला पेटीच्या सुरापेक्षा गोड वाटतो.

आम्ही मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. सांगलीत मेथॉडिस्ट म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही मिरजेचे का?" कारण इकडं जुनं काम प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या पंथाच्या मिशनचं. 1970 ला नागपुरात बरेच पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा मेथॉडिस्ट त्यात गेले नाहीत, आणि 1981 पासून आमचं मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया स्वतंत्र आहे. एवढं सांगून मी विषय संपवते. नाताळात सगळ्यांची गाणी सगळ्यांच्या दारात म्हटली जातात, करंजी कुणाच्याही घरची असली तरी खाल्ली जाते.

मुठीचं धान्य जातं मिरजेला. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 ला तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून मिरज म्हणजे दुखणाइतांचं गाव. जतपासून, पार कर्नाटकातून माणसं येतात. पेशंटला खाट मिळते, त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईला किंवा पोराला फुटपाथ मिळतो. दर शनिवारी पहाटे आमच्या महिला मंडळातल्या पाच-सहा जणी चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिचडी टाकतात. दोन मोठी पातेली, वर ताटं, ताटांवर ओलं फडकं बांधून रिक्षातून मिरजेला. साठ-सत्तर माणसं जेवतात. मला कानडी येत नाही, पण "ऊटा आयता?" एवढं शिकलेय. जेवलीस का, एवढंच विचारायचं असतं. त्यावर एकदा एक बाई माझा हात धरून पाच मिनिटं कानडीत बोलत राहिली. मला त्यातलं 'मगा' एवढंच कळलं, मुलगा. मी हात सोडवून घेतला नाही.

एकदा कमिटीत तरुण मुलांनी सुचवलं, फोटो काढूया, बॅनर लावूया, म्हणजे चर्चचं काम लोकांना कळेल. मुलं मनापासून बोलत होती. पण मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. ताटापुढं बसलेल्या माणसाकडं कुणी टक लावून बघितलं की त्याचा घास कसा अडतो, ते मी पोरांच्या चेहऱ्यावर बघितलेलं आहे. मी म्हटलं, पातेल्याचा फोटो काढा, माणसाचा नको. ते ठरलं आणि आजपर्यंत पाळलंय. खिचडीबरोबर धर्माची पत्रकंही वाटत नाही. जेवण हे जेवण असावं. आमच्या चर्चला आवारात कडुनिंब आहे, त्याखाली एक रिटायर्ड सिस्टर दर बुधवारी गल्लीतल्या कुणाचंही बीपी बघतात. मेथॉडिस्ट पंथ ज्यांनी सुरू केला त्या जॉन वेस्ली यांनी 1746 ला लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत औषधांचा दवाखाना सुरू केला होता. सिस्टरना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग त्यांच्याकडं पण रांगेत पुढं घुसणारे असणारच की." बुधवारी खरंच गर्दी असते.

पण मला आज लिहायचंय ते वहीबद्दल.

2005 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. आमच्या मंडळीत एक आक्का होत्या, एकट्या, नदीकडच्या एका गल्लीत खालच्या खोलीत राहायच्या. सत्तरीच्या. मुठीचा डबा त्यांनीच आमच्यात आणला, त्यांच्या सासूची रीत होती ती. डालड्याचा पिवळा डबा घेऊन यायच्या. पाणी चढायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं, त्या मिरजेला पुतणीकडं गेल्या असतील. पुतणीला वाटलं, चर्चची माणसं आहेत, त्यांनी नेलं असेल. दोन रात्री आक्का माळ्यावर होत्या. जवळ एक पिशवी चिरमुरे आणि कळशीभर पाणी. गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांनी त्यांना पत्रा उचकटून वर काढलं आणि काहिलीत बसवून आणलं. गूळ करायची काहील, नावेसारखी ढकलत.

मी भेटायला गेले तेव्हा त्या पुतणीच्या घरी गोधडी पांघरून बसल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "मधी ऐतवार हुता की गं बाई. मला वाटलं, माझी जागा मोकळी दिसल कुणाला तरी."

त्या रविवारी उपासना झाली होती. बारा-तेरा जण होतो. पुरात सगळ्यांच्याच जागा मोकळ्या होत्या, त्यात आक्कांची दिसली नाही. मी तेव्हा पास्टोरेट कमिटीची सेक्रेटरी होते. मंडळीची यादी माझ्याच कपाटात होती, नावं आणि वर्गणी यांची. कोण एकटं राहतं, कोणाची खोली खाली आहे, हे तिच्यात कुठंच नव्हतं.

त्या वर्षी आलेल्या पाळकसाहेबांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये मेथॉडिस्ट लोकांच्या इमारतीवर कर्ज झालं होतं. 1742 ला त्यावर बैठक बसली. ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही जमणार नाही. तेव्हा फॉय नावाचे एक कप्तान उठले. म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडं द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडं जाईन. त्यांनी दिलं तर ठीक, नाही तर त्यांचं मी भरीन. मग बाकीच्यांनीही तसेच अकरा-अकरा वाटून घेतले. पेनीसाठी दार वाजवायला गेले आणि दाराआड काय चाललंय ते कळायला लागलं. कुठं भांडण, कुठं दारू, कुठं आजारपण. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. त्यातून मेथॉडिस्ट लोकांचे क्लास उभे राहिले, बारा-बारा जणांचे.

पाळकसाहेब थांबले आणि म्हणाले, "आपण मेथॉडिस्ट म्हणवतो. आपलं दार वाजवणं कुठं गेलं?" कुणी बोललं नाही. मी खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी मारुती चौकातून दोनशे पानी वही आणली. अठ्ठावीस घरं तिघांनी वाटून घेतली. माझ्याकडं बारा आली. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी निघायचं, एका घरी दहा-पंधरा मिनिटं. एक वचन, एक प्रार्थना, आणि जे समोर दिसेल ते मनात ठेवून घरी आल्यावर वहीत लिहायचं. चहा घ्यायचा नाही, पाणीच, हा नियम आम्ही पहिल्याच महिन्यात केला. बाई येणार म्हणून एका घरात शेजारून दूध उसनं आणलेलं मी बघितलं, त्या दिवसापासून.

वहीत काय असतं? खोली तळमजल्यावर की वर. औषध कुठलं, कुठल्या दुकानातून. जादा किल्ली कुणाकडं. बाहेरगावच्या मुलाचा नंबर, आणि तो फोन उचलतो की नाही, तेही. कुणाला पोहता येतं. कुणाशी सध्या कोण बोलत नाही, हे शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं, म्हणजे मिटलं की खोडता येतं. पेन्सिलीच्या त्या पानावर खोडरबर इतक्यांदा फिरलंय की कागद झिजून पलीकडचं दिसतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबेना. आमचं ठरलेलं होतं, आयर्विनला 35 फूट झालं की वह्या बाहेर काढायच्या, प्रशासनाच्या सूचनेची वाट बघायची नाही. त्या रात्री तिघांनी मिळून फोन लावले, सकाळी दोन रिक्षा आणि एक टेम्पो. आक्का तेव्हा नव्हत्या, 2012 ला गेल्या. पण त्यांच्यासारख्या चौघी होत्या, त्या पहिल्या फेरीत. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जिथं कधी येत नाही म्हणायचे तिथं आलं. आमचं चर्च विश्रामबागेकडं उंचावर, म्हणून वाचलं. बाकांच्या दोन-दोन रांगा समोरासमोर जोडून त्यावर गाद्या. नऊ दिवस त्रेचाळीस माणसं राहिली, त्यातली निम्मी आमच्या मंडळीतली नव्हती. चहूकडं पाणी आणि प्यायला पाणी नाही, दूध नाही. मुठीच्या धान्याची पिंपं मात्र भरलेली होती. त्या शनिवारी खिचडी मिरजेला गेली नाही, चर्चमध्येच वाढली.

पूर ओसरल्यावर चिखल काढायला सगळे गेले. एका घरात बायबल फुगून विटेएवढं झालं होतं. त्या मावशींनी ते टाकू दिलं नाही. पानं एकेक सुटी करून दोरीवर चिमट्यानं वाळत घातली, लुगड्यांच्या शेजारी.

आता तिसरी वही चालू आहे. गेल्या मंगळवारी आमच्या एका घरी गेले होते, बाहेर पडताना शेजारच्या उंबऱ्यात बसलेल्या शिंपीकाकांच्या अम्मींनी हाक मारली. आमच्या चर्चशी त्यांचा संबंध बुधवारच्या बीपीपुरता.

"बाई, तुमी पानी आल्यावर कुटं कुटं जायचं ते लिवून ठेवताय म्हनं?"

"ठेवते की, अम्मी."

"मग आमचं बी लिवा की."

मी पिशवीतून वही काढली आणि तिथंच पायरीवर टेकले. बारा घरांनंतर एक ओळ सोडून लिहिलं: तळमजला. बीपीची गोळी सकाळी, साखरेची दोन वेळा. डाव्या डोळ्यानं दिसत नाही. जिन्याला कठडा नाही, वरून धरून न्यावं लागेल. किल्ली सुनेकडं. अम्मी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "कोंबडी हाय एक. ती पन लिवा."

कोंबडी एक, असं लिहिलं.