‘सर्व’ हा एक शब्द

फेब्रुवारीतली दुपार, चार वाजून दहा मिनिटं. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या मालकांचा फोन आला. "ताई, अमोनिया लीक झालाय. निघा लगेच." गंगापूर रोडवरून निघाले आणि म्हसरूळ मागे पडेपर्यंत सात बातमीदारांचे फोन येऊन गेले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "किती?"

पंधरा वर्षं मी जिल्हा पानासाठी बातमीदारी केली, आता कंपन्यांचं जनसंपर्काचं काम बघते. त्यामुळे हा ‘किती’ मला पाठ आहे. डेस्कला आकडा लागतोच. कंपनीने दिला नाही, तर गेटसमोरचा चहावाला देतो.

शीतगृह थंड ठेवायला अमोनिया वापरतात. त्याच्या कॉम्प्रेसर रूममध्ये यंत्रणेत साचलेलं तेल काढताना व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला नव्हता. अमोनियाच्या प्लांटमधलं हे सगळ्यात जोखमीचं काम. तेल संपलं की त्याच वाटेने वायू बाहेर पडतो. नऊ जणांचे डोळे आणि घसा भाजला होता, त्यांना रुग्णालयात हलवलं होतं. अग्निशमन दल पाण्याचे फवारे मारत होतं, कारण अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. पांढरं धुकं पूर्वेकडे सरकत होतं आणि कॅमेरे नेमके त्याच बाजूच्या कुंपणाला टेकून उभे होते. चांगली फ्रेम तिथेच मिळत होती.

पोचल्यावर मी आधी वारा बघितला. रस्त्यापलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचं खळं होतं. तिथून शेडही दिसत होती आणि धुकंही. सगळ्यांना तिथे नेलं, पाण्याचे जार मागवले आणि सांगितलं, "दर तासाला मी इथे येणार. नवीन काही नसलं तरी येणार." त्या दिवशी एकाही कॅमेरामनच्या डोळ्याला वायू लागला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण मी पोचण्याआधीच मालकांच्या पुतण्याने गेट लावून एका चॅनेलच्या मुलाचा माइक हिसकावला होता. ती काही सेकंदांची क्लिप रात्रभर फिरली. आत माणसं धावपळ करत असताना गेट लावायचं पहिल्यांदा सुचतं, अशा लोकांचा मला मनापासून संताप येतो.

ऑफिसात निवेदन लिहायला बसलो. मालकांना, म्हणजे अण्णांना, ‘किरकोळ गळती’ हवं होतं. मी तो शब्द काढला. अमोनिया श्वासातून गेला तर घशाला सूज कधीकधी काही तासांनीही चढते, म्हणून डॉक्टर अशा पेशंटला लगेच सोडत नाहीत. रात्री कुणाला ऑक्सिजन लावावा लागला असता, तर सकाळी हाच ‘किरकोळ’ मथळ्यात असता. अण्णांची भीती मात्र खोटी नव्हती. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, ते इथल्या बागायतदारांच्या अजून जिव्हारी आहे. ‘द्राक्ष’ आणि ‘विषारी वायू’ एका वाक्यात आले की काय होतं, हे त्यांनी भोगलेलं. बागायतदारांचे फोन एकामागून एक येतच होते, "आमचा माल आत आहे, त्याचं काय?" त्यांच्यासाठी वेगळा मेसेज लिहिला: गळतीच्या वेळी आत असलेला माल तपासणीशिवाय हलणार नाही.

साडेपाचला मी खळ्यावर निवेदन वाचलं. पहिलं वाक्य माझं स्वतःचं होतं: "पॅकहाऊसमधील सर्व 64 कामगार बाहेर आले असून 9 जणांवर उपचार सुरू आहेत." 64 हा आकडा मी हजेरीच्या रजिस्टरवरून स्वतः ताडून घेतला होता. पाच मिनिटांत टीव्हीवर पट्टी सुरू झाली, ‘सर्व कामगार सुखरूप’.

बाकीचे चॅनेलला फोनवरून बातमी द्यायला पांगले. एक तरुण स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारा बातमीदार, मागे थांबला. हळूच म्हणाला, "ताई, मुकादमाच्या बाया यात धरल्यात का?"

धरल्या नव्हत्या. सीझनमध्ये पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, मणी निवडून पनेट, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्या, भरायला. त्यांची मजुरी मुकादमाकडे, नावंही त्याच्याकडेच. कंपनीच्या रजिस्टरला त्या नसतात, हे मला माहीत होतं. यावर मी स्वतः बातम्या केल्या आहेत.

मुकादमाने खिशातून वही काढली. घामाने मऊ पडलेली, पेन्सिलीने लिहिलेली 22 नावं. वायू आल्यावर बाया बागांमध्ये पळाल्या होत्या. बांधावर बसवून एकेकीचं नाव घेतलं, 21 भरल्या. बावीसाव्या बाईला फोन करायचीही सोय नव्हती. पॅकिंग हॉलमध्ये बांगड्या, टिकली, मोबाइल काही चालत नाही, त्यामुळे तिचा फोन आतल्या पिशवीत होता.

अण्णा म्हणाले, "सापडली की मग सांगू." वकील फोनवर म्हणाले, लेखी दुरुस्ती मुळीच देऊ नका. साडेसातला मी खळ्यावर जाऊन सांगितलं, "साडेपाचला दिलेला आकडा चुकीचा होता. 22 कंत्राटी महिला मोजायच्या राहिल्या. त्यातल्या एक अजून सापडलेल्या नाहीत. शोध सुरू आहे." पुतण्याने नंतर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. एका दैनिकाने ‘कंपनीने लपवाछपवी केली’ असा मथळा दिला, आणि तो वाचून मला त्यांचा राग आला नाही.

नऊच्या सुमाराला बॅटऱ्या घेऊन गेलेल्या पोरांना ती दोन बागा पलीकडे, विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत सापडली. ड्रिपच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याने तिने डोळे धुतले होते, पदर ओला करून तोंडावर बांधला होता. पापण्या सुजून मिटल्या होत्या, तरी हातात हॉलमधली डोक्याची जाळी घट्ट धरलेली. ती हरवली तर मजुरीतून कापतात, असं मुकादमाने मला सांगितलं.

डोळे वाचले. चौथ्या दिवशी तिचा नवरा तिला न्यायला आला, तेव्हा मी तिथे होते. इतका उशीर का केलात, असं मी विचारलं. तसं विचारायचा मला काही हक्क नव्हता.

"टीव्हीवर लिवलं व्हतं ना मॅडम, सगळे सुखरूप म्हनून," तो म्हणाला. "मंग मी निघालोच न्हाई."