मशीन म्हणतं शून्य, गाडी म्हणते थरथर

आमच्या टायर-बॅलन्सिंगच्या दुकानात टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून आवळायचा पाना, ठेवतो त्याच्या वर एका खिळ्याला ॲल्युमिनियमची एक रिंग अडकवलेली आहे. नवीन गिऱ्हाइकाला ती बांगडी वाटते. एका बाईंनी तर विचारलंही होतं, "कुणाची राहिली ओ ही?" बाहेरून ७३ मिलिमीटर, आतून ५४ आणि वर थोडं, असं तिचं माप. दुकान आज उभं आहे ते तिच्यामुळं, आणि बंद पडायला आलं होतं ते तिच्यासारखीच एक रिंग दुसऱ्या कुणीतरी बसवली नाही म्हणून. दुकानाला पंचवीस वर्षं झाली, तर मुलगा म्हणाला, "बाबा, वाटचाल लिहा." लिहितो, पण मला जे लिहायचंय तेच लिहिणार.

सुरुवात पंक्चरपासून. कोल्हापुरात महामार्गावरच्या तावडे हॉटेल चौकापासून थोडं अलीकडं भाड्याचा गाळा, एक कॉम्प्रेसर आणि मी. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं, तेव्हा दोरीवर. मागच्या चाकाला दोरी टेकवायची, पुढच्यापर्यंत ताणायची आणि टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, फिरवून सरळ करायचं. आजची पोरं हसतात. हसू देत. दोरीवर ज्याचा हात बसला त्याला स्क्रीनवरचे आकडे खोटं बोलू शकत नाहीत.

पुढं पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला आणि आमचा धंदा बदलला. जुन्या रस्त्यावर गाडी ८० च्या वर फारशी जायचीच नाही, गेली तरी खड्ड्यांत सगळंच हलायचं. रस्ता गुळगुळीत झाल्यावर लोक १०० ला पोचले आणि तक्रारी घेऊन यायला लागले, "मेस्त्री, नव्वदच्या पुढं स्टेअरिंग थरथरतंय." खराब रस्त्याची गाडी दुरुस्तीला येते हे सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या रस्त्यानं आम्हाला बॅलन्सिंगचं, म्हणजे वजनं चिकटवून चाकाचा तोल साधायचं, गिऱ्हाईक दिलं. कर्ज काढून इटालियन बॅलन्सिंग मशीन घेतलं. पाच-पाच ग्रॅमचा फरक दाखवणारं. पहिले दोन महिने मी ते रोज संध्याकाळी स्वतः पुसून ठेवायचो.

आणि मग मॅगचं खूळ आलं.

अलॉय व्हीलला आमच्याकडं मॅगच म्हणतात. बायपासला ॲक्सेसरीजचं एक मोठं दुकान निघालं, नाव घेत नाही. काचेची शोरूम, आत एसी, भिंतीवर चाकं टांगलेली. चार मॅग घ्या, जुनी लोखंडी चाकं एक्स्चेंजमध्ये द्या, फिटिंग फुकट. पोरं तुटून पडली. बॅलन्सिंगचं मशीन त्यांच्याकडं नव्हतं, म्हणून ते गिऱ्हाइकाला माझ्याकडं पाठवायचे. मला वाटलं, लक्ष्मी आली.

तीन महिन्यांत तीच गिऱ्हाइकं परत यायला लागली. "बॅलन्सिंग करून गेलो, तरी हलतंय." मी चाक काढायचो, मशीनवर चढवायचो, फिरवायचो. आतल्या बाजूला शून्य, बाहेरच्या बाजूला शून्य, म्हणजे तोल बरोबर. परत बसवून द्यायचो. गाडी कागलपर्यंत जायची आणि फोन यायचा. एकाच गाडीचं चार-चारदा बॅलन्सिंग केलंय मी, फुकटात. कंपनीचा इंजिनिअर बोलवून मशीन दोनदा कॅलिब्रेट करून घेतलं. त्याचं बिल आजही फाईलमध्ये आहे. टायर उलटे घातले, वजनं काढून नवीन चिकटवली, बेअरिंग हलवून बघितली, लोअर आर्मचे बुश बदलायला लावले. एका गिऱ्हाइकाला विनाकारण टाय रॉड एंडचा खर्च घातला, त्याची आजही लाज वाटते.

शोरूममध्ये काय सांगत होते ते मला खूप उशिरा कळलं. "चाक एक नंबर आहे साहेब, बॅलन्सिंगवाल्याला जमत नाही." आठ महिन्यांत माझं निम्मं गिऱ्हाईक गेलं. बँकेचा माणूस दर महिन्याला येऊन चहा पिऊन जायचा. हप्त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही, पण जाताना मशीनकडं बघून जायचा. सांगलीच्या एकानं मशीन मागितलं होतं, किंमतही ठरली होती. ते वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून इतकं लिहितोय.

त्या काळात एकच माणूस माझ्याकडं येत राहिला. मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. स्विफ्टला मुलानं हौसेनं मॅग घातलेले. आण्णांच्या मनगटात सैल पट्ट्याचं जुनं एचएमटी घड्याळ असायचं, आणि ९० ला ते खुळखुळायला लागायचं. ते येऊन म्हणायचे, "मेस्त्री, तुमच्या मशीनवर माझा विश्वास हाय. पण घड्याळ खोटं बोलंना." पाचव्यांदा आले तेव्हा मी सरळ हात जोडले. म्हटलं, "आण्णा, आता जुनी चाकं असती तर घालून बघितली असती, पण ती तर तुम्ही एक्स्चेंजला दिली असणार."

"दिली व्हय! गोडाऊनमध्ये हायत. त्यावर फळ्या टाकून रवे ठेवलेत."

गुळाचे रवे उतरवून, चिकट झालेली चार लोखंडी चाकं टेम्पोतून दुकानात आली. ती बसवली आणि आण्णांना शेजारी बसवून कागलच्या दिशेनं निघालो. ९०, १००, ११०. घड्याळ गप्प. म्हणजे गाडीत खोट नाही, सस्पेन्शन साफ आहे, दोष मॅगमध्ये. पण मॅग मशीनवर शून्य दाखवतोय! डायल गेज लावून रिमचा रनआउट, म्हणजे फिरताना रिम किती डोलतो ते, बघितला, तोही मिलिमीटरच्या आत. मी परत येऊन दुकानाच्या पायरीवर बसलो.

शिवाजी उद्यमनगरात आमचे एक लेथवाले मामा होते. आता नाहीत. सुरुवातीला दुकानात त्यांचे पैसेही होते, नंतर मी ते परत केले. ते संध्याकाळी सायकलवरून घरी जाता जाता थांबायचे. त्या दिवशी त्यांनी काही न विचारता खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, काढला, आधी मॅगच्या मधल्या भोकात घातला, मग गाडीच्या हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या भागाच्या, मधल्या उंचवट्यावर लावला, आणि व्हर्नियर माझ्यापुढं धरला. भोक ७३.१, हब ५४.१.

"आरं, ह्यात तर दोन्ही बाजूनं माझं बोट जातंय. चाक बसलंय कशावर?"

मला त्या क्षणी घाम फुटला. इतकी वर्षं धंदा करून मी हे मोजलं नव्हतं. कंपनीचं चाक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसतं, तिथंच ते मध्यावर येतं. नट फक्त दाबून धरतात. बाहेरचे मॅग बनवणारे मात्र एकच चाक दहा गाड्यांना चालावं म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली जागा भरायला रिंग देतात, किंवा देत नाहीत. बॅलन्सिंग मशीनवर आपण कोन, म्हणजे शंकूसारखा तुकडा, घालतो, तो चाकाला भोकातनं बरोबर मध्यावर धरतो, मग तिथं शून्य येणारच. गाडीवर तेच चाक चार नटांवर लोंबकळतं. त्यात पोरानं नट आवळायची हवेची गन लावून पहिला नट एकदम आवळला की चाक केसभर खाली बसलं, आणि तसंच राहिलं.

हिशोब करून बघा. टायरसकट चाक धरा १६ किलो. ते अर्धा मिलिमीटर सरकलं, तर रिमच्या कडेला ४० ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखं होतं. ९० च्या स्पीडला हे चाक सेकंदाला तेरा वेळा फिरतं. म्हणजे सेकंदाला तेरा हिसके. घड्याळ खुळखुळणार नाही तर काय!

मामा परत उद्यमनगरात गेले, बंद केलेला लेथ चालू केला आणि ॲल्युमिनियमच्या बारमधून रिंगा काढल्या. बाहेरून ७३ ला टेकेल अशी, आतून ५४ वर मिलिमीटरचे दोन शतांश मोकळी. पहिली जरा घट्ट झाली, हबवर अडकली, ती वाया गेली. खिळ्यावर आहे ती हीच. बाकीच्या चार बसल्या तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आण्णा जेवायचे थांबले होते. मॅग घालून परत तोच रस्ता. ११० ला आण्णांनी हात पुढं करून घड्याळ माझ्या कानाशी आणलं. फक्त टिकटिक.

मशीन विकलं नाही.

त्यानंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं विशेष नाही, काम चालू राहिलं. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा दुकान बसून होतं, तेवढंच.

आता ज्यांनी मॅग घातलेत किंवा घालणार आहेत त्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. जुनी चाकं विकू नका. दोन-तीन हजारांसाठी तुम्ही तुमचा एकमेव साक्षीदार विकताय. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर बॅलन्सिंगवाल्याकडं जाऊ नका, डिस्क बघा, हबवरचा गंज बघा. स्टेअरिंगमध्ये येत असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीटखाली येत असेल तर मागची. पुढची मागं घालून बघितली की अर्धं निदान फुकटात होतं. गाडी दोन महिने एकाच जागी उभी असेल तर टायरला सपाट भाग पडतो, वीस-तीस किलोमीटर चालवल्याशिवाय बॅलन्सिंगला आणू नका. नट बघा. होंडाचे कंपनीचे नट गोल बुडाचे असतात, बाहेरच्या मॅगला लागतात शंकूचे. गोल नट शंकूच्या खाचेत नीट बसत नाही, आणि आवळणारा पोरगा म्हणतो "बसला की". इनोव्हाच्या कंपनीच्या मॅगला वॉशरवाले सपाट नट, ते तिसरेच. आवळताना चाक हवेत असू दे, हातानं फुलीत लावा, मग जॅक उतरवून टॉर्क रेंच. छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन मीटर, पण गाडीच्या पुस्तकात बघा. शंभर किलोमीटर चालवून एकदा परत तपासा. गन चालवणाऱ्याला बाकी पगार द्या, पण शेवटचा फेरा त्याच्या हातात देऊ नका.

प्लास्टिकची रिंग चालते का, असं विचारतात. चालते. वजन नटांच्या दाबावरच पेललं जातं, रिंग फक्त मध्य पकडते. पण घाटात ब्रेक तापले की स्वस्तातली मऊ पडते आणि हबला चिकटते. आम्ही ॲल्युमिनियमचीच देतो, हबला आधी तारेचा ब्रश मारून.

माझ्याकडं सहा वर्षं शिकलेला एक पोरगा होता. रिंगा, डायल गेज, सगळं मी हात धरून शिकवलं. आठवड्याची सुट्टी मागितली, ती दिली, आणि तो त्या बायपासच्या शोरूममध्ये कामाला लागला. महिन्याभरात तिथं बोर्ड लागला, 'व्हायब्रेशन स्पेशालिस्ट'. मी रोज त्या बोर्डाखालून घरी जातो. मुलगा म्हणतो, सोडून द्या. सोडलंय की, बोर्ड फक्त वाचतो.

पण जरा वेगळ्या मापाची गाडी आली की त्यांच्याकडं रिंग नसते. मग संध्याकाळी साडेसातनंतर, अंधार पडल्यावर, रिक्षातून एक मॅग आमच्या दारात उतरतो. आणणारा पोरगा दुकानाचं नाव सांगत नाही, मीही विचारत नाही. मामांच्या मुलाला फोन करतो, माप सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग तयार. पैसे आधी घेतो. आण्णांच्या मुलाला आजही उधारी चालते, त्या रिक्षाला नाही.