मिथाइलफेनिडेटची चाचणी: रक्त आधी बर्फात

मिथाइलफेनिडेट हे एकाग्रतेचा अभाव आणि अतिचंचलता (एडीएचडी) यांवरचं औषध. त्याच्या सावकाश औषध सोडणाऱ्या नव्या गोळीची मूळ गोळीशी तुलना करायला निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी घेताना घात होतो तो रक्ताच्या नळीत. हे औषध एस्टर आहे, म्हणजे पाण्याने तुटू शकणारं संयुग. नळी बाहेर राहिली तर त्याचं रिटालिनिक आम्ल होतं आणि पातळी खोटी कमी दिसते. नळी लगेच बर्फात, सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून वेगळं करणारं यंत्र) थंड, प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) ताबडतोब गोठवायचा.

नाडी-रक्तदाब सुई टोचण्याआधी घ्यावा. गोळी चावली तर पूर्ण डोस एकदम सुटतो, म्हणून तोंड तपासायचंच.

रक्तातली कमाल पातळी आणि पातळीच्या आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ (शरीरात पोचलेलं एकूण औषध) मूळ गोळीच्या तुलनेत ८० ते १२५ टक्क्यांच्या मान्य मर्यादेत बसलं, तरी सकाळी घेतलेलं औषध दुपारी कमी पडू शकतं. २०१४ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) कॉन्सर्टा या मिथाइलफेनिडेटच्या मूळ ब्रँडच्या दोन जेनेरिकांचा (इतर कंपन्यांच्या त्याच औषधाच्या गोळ्यांचा) समतुल्य दर्जा अशाच शंकेवरून काढला. उपाशीपोटी गोळी दिल्यावर ०–३, ३–७, ७–१२ तासांचं क्षेत्रफळ वेगवेगळं मोजतात ते यासाठीच.