डोळा मारणारा दिवा

आमच्या बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये. रात्री बाबा उठले की भिंत चाचपत फिरतात आणि हमखास बेसिनवरचा ग्लास पाडतात. म्हणून काल मुंबईच्या लोहार चाळीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, एक इंडिकेटर, म्हणजे अंधारात बटण दाखवणारा बारीक दिवा आणला आणि आज मेन स्विच बंद करून बसवला. आत काय, तर टेस्टरमध्ये असतो तोच तांदळाएवढा निऑनचा दिवा आणि करंट आवरायला एक रेझिस्टन्स.

बटणाच्याच दोन टोकांना जोडला, म्हणजे बटण बंद असताना पेटेल. पेटलाही, छान शेंदरी! मी खूश. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, आत कोण आहे?" आत कोणीच नव्हतं. बंद केलेला एलईडी दर दोन सेकंदांनी डोळा मारत होता.

वायरमन काकांना फोन केला. ते आधी पोटभर हसले. निऑनला लागतो तो मिलीअँपिअरभर करंट बल्बमधूनच जातो. जुन्या पिवळ्या बल्बला त्याने काही होत नसे, पण एलईडीच्या आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, त्यावर हळूहळू भरतो आणि भरला की दिवा लुकलुकतो. "फेज-न्यूट्रलवर, येणाऱ्या आणि परतीच्या तारेवर, टाक की सरळ! बल्ब मध्ये येणारच नाही." शेजारी प्लग असल्याने न्यूट्रल बोर्डात होतीच. पुन्हा मेन बंद, पुन्हा टेस्टर, पुन्हा तीच स्क्रू पडायची कटकट.

आता इंडिकेटर दिवसरात्र पेटलेला असतो. दिवा चालू की बंद ते त्यावरून कळत नाही, पण बटण सापडतं. बाबांचं म्हणणं एवढंच, "हा बंद कुठून करायचा?"