पेंचमधली नावं

नागपूरहून जबलपूर रस्त्याने मनसर ओलांडलं आणि पवनीला डावीकडे वळलं, की थोड्याच वेळात सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं. पुढे सिल्लारीचं गेट. मी तशी वाघासाठीच निघाले होते, पण जिप्सीत बसल्यावर जागांच्या नावांतच गुंतत गेले.

पेंच म्हणजे आधी नदी. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचं हे जंगल उत्तर-दक्षिण कापत येते आणि खाली कन्हानला मिळते. नागपूरच्या नळांना येणारं बरंचसं पाणी हिचंच. जंगल सलग असलं तरी कागदावर त्याला दोन नावं आहेत. आपल्या बाजूचं सुमारे २५७ चौरस किलोमीटरचं पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं, तर मध्य प्रदेशातलं सुमारे २९३ चौरस किलोमीटरचं इंदिरा प्रियदर्शिनी राष्ट्रीय उद्यान १९८३ सालचं. बाप-लेकीची नावं अशी शेजारी-शेजारी, मध्ये राज्याची सीमा. जाणारा-येणारा मात्र दोन्हीकडे ‘पेंच’च म्हणतो.

तोतलाडोह बघायची मला ओढ होती. उन्हाळ्यात पेंचची धार तुटते आणि पात्रात जागोजागी खोल पाणी उरतं, तेच डोह. एप्रिल-मे महिन्यांत चितळ, गवे, वाघ सगळ्यांचा जीव त्या डोहांवर. तोतलाडोहला धरण झालं आणि पात्राचा मोठा पट्टा पाण्याखाली गेला. रामटेक जवळ, म्हणून जलाशयाला कालिदासाची आठवण ठेवून ‘मेघदूत’ असं सुंदर नाव दिलं गेलं. पण मला अख्ख्या फेरीत ते कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही. माणसं ‘तोतलाडोह’च म्हणतात, आणि मला ते फार बरं वाटलं. इथे आधी काय होतं ते त्या नावात अजून शाबूत आहे.

आमच्या गाईडला मी विचारलं, हे सगळे भाग तुम्ही ओळखता कसे? वनखात्याने जंगलाचे कक्ष पाडले आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे, गस्तीची नोंद त्यावरच होते. तो म्हणाला, “नंबर सायबायसाठी आहे, ताई. आमच्यात नावानंच सांगा लागते.” मग रस्ताभर तो सांगत गेला: हा अमक्याचा नाला, ही तमकी टेकडी, इथे पूर्वी मोहाची मोठी झाडं होती. पांढऱ्याफटक खोडाच्या एका कुलूच्या झाडापाशी त्याने जिप्सी थांबवायला लावली. त्या वळणाची ओळख म्हणजे ते एक झाड. यातलं काहीच मला गेटवरच्या नकाशात दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातलं खवासा ओलांडून तुरिया गेटने आत गेले. तिथे अलीकट्टा लागतं. मोठं मोकळं गवताळ मैदान, त्यावर चितळांचे कळपच्या कळप. हे मैदान निसर्गाने दिलेलं नाही. इथे गाव होतं, ते उठवून बाहेर वसवलं आणि शेतांच्या जागी गवत माजलं. आज गावातलं एकही घर नाही, तरी चितळ बघायला जाणारा प्रत्येक पर्यटक त्या गावाचं नाव घेतो. वाघाला मोकळी जागा मिळाली हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला शंका नाही. पण गाव उठलं त्याची दोन ओळींची पाटी तिथे असायला हवी. कुणाची शेतं होती, कधी उठली, एवढं तरी. आज ती शेतं आठवणारी म्हातारी माणसं हयात आहेत. नाल्यांची, टेकड्यांची नावं त्यांच्याकडून आत्ताच लिहून घेतली पाहिजेत.

जाणार असाल तर पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो, हे लक्षात ठेवा. आणि वाघ दिसो वा न दिसो, गाईडला प्रत्येक नाल्याचं नाव विचारा.