टू-वे

"ताई, पॉइंट किती?" वायरमनचा पहिला प्रश्न. मी घरभर फिरून मोजले. पंखे, ट्यूब, गीझर, मिक्सर, देवघरातला लाल झिरोचा बल्ब धरून तीस. त्याने वहीत रेघोट्या मारल्या, नव्वद मीटरची बंडलं किती लागतील ते सांगितलं आणि म्हणाला, "बोर्ड होईल तेवढे जवळजवळ घेऊ. वायर वाचते, भिंतही कमी फुटते."

हे ऐकून मला रामोन इ काहाल आठवले. (वायरमनकडे बघून स्पॅनिश शास्त्रज्ञ आठवणं जरा अतीच, पण माझी वायरिंगच तशी.) १९०६चं नोबेल मिळालेल्या या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशी बघून त्यांची चित्रं काढली आणि त्यात त्याला काटकसर दिसली: जागेची, वेळेची आणि मालाची.

काटकसर हवीच. आमचे तीस पॉइंट प्रत्येकाने प्रत्येकाला जोडायचे म्हटलं तर ४३५ वायरी लागतील. भिंतीच उरणार नाहीत. मेंदूत पेशी सुमारे ८,६०० कोटी. म्हणून बहुतेक पेशी शेजाऱ्यापाजाऱ्यांशीच बोलतात. तरीसुद्धा विशीतल्या माणसाच्या मेंदूत नुसत्या वेष्टन असलेल्या तंतूंची लांबी दीड ते पावणेदोन लाख किलोमीटरच्या घरात जाते. वजन शरीराच्या दोन टक्के, आणि खाणं वीस टक्के! आमच्या गीझरलाही एवढा माज नाही.

सगळं ठरलं आणि मी म्हटलं, "आईच्या खोलीत टू-वे पाहिजे. एक बटण दाराशी, एक पलंगाशी." वायरमनने पेन्सिल कानामागे खोचली. "ताई, एका दिव्यासाठी अख्खी भिंत फोडायची?"

फोडायची. ऐंशीच्या बाईने रात्री अंधारात दारापर्यंत चाचपडत का जावं?

हाच हट्ट एका किड्यानेही केला आहे. जेमतेम मिलिमीटरभराचा, ३०२ चेतापेशींचा हा किडा. त्याची जवळजवळ पूर्ण वायरिंग १९८६ साली छापून आली. २००६मध्ये दोन संशोधकांनी संगणकावर त्याच्या पेशींच्या जागा बदलून पाहिल्या. तार बरीच वाचवता आली असती. माकडाच्या मेंदूचंही तेच. पण नुसती तारच वाचवायची, तर लांब पल्ल्याच्या जोडण्या जातात आणि निरोपाला वाटेत जास्त थांबे घ्यावे लागतात. म्हणजे चार आणे वाचवणारा निसर्ग मोजक्या ठिकाणी रुपया सढळ हाताने टाकतो. या लांब तारा ज्या थोड्या नाक्यांवर एकत्र येतात, ते नाके खर्चिक, आणि अल्झायमरचा घाव त्यांतल्या बऱ्याच नाक्यांवर पडतो. हे वाचल्यापासून आई एखादं नाव विसरली की मी उगाच तिच्याकडे टक लावून बघते. ती म्हणते, "माझ्या तोंडाला काय लागलंय?"

जुना बोर्ड उतरवला तेव्हा ती स्टूल घेऊन समोर बसली होती. काळी गोल बटणं बघून तिला माहेरच्या लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग आठवली, तिथून वडिलांचा ओरडा, तिथून एकदम पावसाळ्यातली ओली भिंत आणि बसलेला झटका. वायरमन ड्रिल बंद करून ऐकत राहिला. दिवसाच्या कामाचं खोबरं झालं.

टू-वे बसला. मी चारदा दोन्हीकडून दाबून पाहिला, आईकडूनही दाबून घेतला. पलंगावरून हात सहज पोचतो.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली. पलंग करकरला. मग भिंतीवरून हात फिरल्याची सरसर, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि दाराशी खट्.