अंबाझरीची अर्धी फेरी

आज पहाटे धाकट्या भावासोबत नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला गेलो. सिगारेट सोडून त्याने व्हेप, म्हणजे द्रव तापवून वाफ ओढायची ई-सिगारेट धरली, त्याला आठ महिने झाले. खोकला कमी झाला, कपड्यांना वास येत नाही, हे खरं. काही जळतच नाही, म्हणून धुरातला चिकट टार नाही. पण निकोटिन तेच ना बाप्पा! अर्ध्या फेरीतच त्याचा हात खिशात गेला, बोटं थरथरत होती. आधी दिवसाला सहा सिगारेटी मोजून व्हायच्या. आता मोजमापच नाही, झोपतानाही ती उशीखाली. २०१९ पासून देशात व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे, मग चोरून येणाऱ्या त्या द्रवात काय आहे हे तपासतं कोण? बाकावर बसून तंबाखूमुक्तीचा १८००-११-२३५६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. "दादा, उद्या लावतो," म्हणाला. उद्या मी बाजूलाच बसणार आहे.